फंडाचे पैसे आणि कोरी गाडी

आमचं किन्हीराजाचं घर टिनाचं होतं, आणि टिनाचं घर म्हणजे बोलकं घर. सकाळी ऊन चढायला लागलं की वर टकटक सुरू व्हायची, भर दुपारी ते तापून मुकं व्हायचं आणि दिवस मावळताना पुन्हा कुरकुरायला लागायचं. उन्हाळ्यात माय स्वयंपाक अंगणातल्या कडुनिंबाखाली करायची, कारण आत चूल पेटवली तर भाकरी आणि माणूस सोबतच भाजून निघायचे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची एकच रट होती, "यायचा फंड आला का स्लॅब." म्हणजे बाबांच्या नोकरीचा फंड हातात पडला की टिन काढून स्लॅब टाकायचा. गावात कुणाचा स्लॅब पडतोय असं कानावर आलं की ती तिथं जाऊन उभी राहायची, गज किती लागले, गिट्टी कुठून आणली, असं मिस्त्रीचं डोकं खायची. आमच्या नसलेल्या जिन्याची जागासुद्धा तिनं ठरवून टाकलेली होती आणि त्या जागेवर ती कुणाला सरपण रचू द्यायची नाही. आता मी वाशीमला स्लॅबखाली राहते. मे महिन्यात तो रात्रभर अशी आग सोडतो की टिन बरं होतं म्हणावंसं वाटतं, पण माय असती तर एवढ्या बोलण्यावरून तिनं माझा कान उपटला असता.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. शामराव ड्रायव्हर म्हटलं की कारंज्यापासून वाशीमपर्यंत कुणीही ओळख द्यायचं. घरात मात्र त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे आटलेल्या विहिरीत बादली सोडणं. जेवताना मीठ कमी असलं तरी ते बोलायचे नाहीत, नुसतं ताटाकडे पाहायचे, मग माय मीठ आणून द्यायची. "यायचं तोंड डेपोत जमा करून घेतात वाटते," असं ती शेजारणींना सांगायची, आणि बाबा समोर बसून हे ऐकायचे, तरी बोलायचे नाहीत.

बोलायचे ते फक्त एकाच गोष्टीवर. आमचं घर रस्त्याला लागून होतं, एसटी गेली की भिंतीतल्या फळीवरची भांडी थरथरायची. तो आवाज आला की बाबांचा हातातला घास तिथंच थांबायचा. मान थोडी तिरपी व्हायची. "तिसरा गिअर टाकताना रडून राह्यली," म्हणायचे, किंवा "डाव्या पाट्याचं काम निंगालं तिचं." मग घास तोंडात जायचा. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच बापांना गाड्यांची दुखणी ऐकू येत असतील. मैत्रिणींच्या घरी जेवायला बसले की एसटी गेल्यावर मी त्यांच्या बापाच्या तोंडाकडे पाहत राहायचे, आणि ते आपले मुकाट वरणभात कालवत असायचे.

मग बाबा रिटायर झाले. डेपोत हार, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मायनं रोडगे केले, सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण, आणि बाबांचे सोबतचे दोन-चार जण जेवून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा उठले, आंघोळ केली, खाकी कपडे घातले आणि खाटेवर येऊन बसले. मायला वाटलं, होईल सवय. पण महिना गेला, दोन गेले, तेच. खाकी घालायची, खाटेवर बसायचं. डॉक्टरला दाखवलं, त्यानं सगळं ठीक आहे म्हणून ताकदीची बाटली लिहून दिली. ती बाटली मीच संपवली, गोड होती.

एके दुपारी आम्ही जेवत होतो. पिठलं-भाकरी होती, पाट्यावरचा ठेचा होता. रस्त्यावरून एसटी गेली, चांगली खडखडत गेली, माझ्यासारखीलाही कळलं की हिचं काहीतरी सुटलंय. बाबांचा घास थांबला नाही. मान हलली नाही. ते जेवतच राहिले. मायनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मी भीती पाहिली. एवढी धीट बाई, साप निघाला तर चिमटा घेऊन धावणारी. त्या दिवशी ती घाबरली आणि तिला पाहून मीही घाबरले. आपल्या डोळ्यांसमोर बाबा हळूहळू घरातून निघून चालले आहेत आणि आपल्याला त्यांना धरता येत नाही, असं मला साफ वाटलं.

याच दिवसांत फंड आला. मी वाट पाहत होते, आता माय मिस्त्रीला बोलावणार. अकोल्याला एका ऑफिसात नोकरीला असलेला माझा मोठा भाऊ रविवारी आला, तोही विटांचा भाव काढूनच आला होता. माय चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "स्लॅब राहू दे. यायच्यासाठी एक गाडी पाहा."

भाऊ हसला. त्याला गंमत वाटली. मग त्याला कळलं की ही गंमत नाही, आणि तो जो सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. गाडी काय खाते, गाडी काय मागते, गाडीला अंगण लागतं, गावात एका घरी गाडी आली की आख्ख्या गावाचं आजारपण त्या दाराशी येतं. माय पोळ्या लाटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "स्लॅबच्या खाली झोपायले मानूस तं जित्ता पायजे नं बाबू." बाबा खाटेवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

बाबांचं मत मात्र अर्धं भावाच्या बाजूचं निघालं. दोन दिवसांनी ते आपणहून बोलले, आणि चक्क सलग बोलले. "नवी गाडी घेनं म्हंजे येडेपना. शोरूमच्या दाराबाहेर चाक पडलं का भाव पडते. घ्याचीच असन तं जुनी घ्या. अनसिंगले एका ठेकेदाराची जीप इकाची हाय म्हंतात." हा हिशोब काही खोटा नव्हता. माझा मुलगा हल्ली मोबाइल घेऊन बसतो, नवी गाडी घ्यावी का वापरलेली, तासन्तास त्याचा हाच घोळ, आणि शेवटी त्यालाही मोबाइल तेच सांगतो जे माझ्या बापानं खाटेवर बसून सांगितलं होतं.

आम्ही अनसिंगला गेलो. बाबा, माय आणि मी. मी बारावीला होते, कागदपत्र वाचायला घरचं माणूस पाहिजे म्हणून मायनं मला कॉलेज बुडवायला लावलं. जीप दिसायला बरी होती. ठेकेदारानं नुकताच रंग मारलेला, आरसे पुसलेले. बाबा बसले, आम्ही मागं बसलो, ठेकेदार बाजूला. गाडी रस्त्याला लागली तशी ती डावीकडे ओढायला लागली. बाबांनी न बोलता स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवलं. तिसरा गिअर टाकला की तो आपोआप सुटायचा. दोनदा सुटला, आणि तिसऱ्यांदा बाबांनी गिअरच्या दांड्याला गुडघा टेकवून तो दाबून ठेवला. क्लच अर्ध्यावर येऊन अडकायचा, तर पायाच्या टाचेनं त्याला असा एक झटका द्यायला लागले. गावाच्या बाहेर जाऊन परत येईपर्यंत ती लंगडी जीप सरळ चालायला लागली होती. ठेकेदार खूष झाला. "उस्ताद हाव जी तुमी," म्हणाला.

"होऊन जाते सवय," बाबा म्हणाले.

मला बापाचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू. मी मायकडे पाहिलं, तर तिचा चेहरा उतरलेला. ती बाबांच्या गुडघ्याकडे पाहत होती.

परत येताना वाशीमच्या स्टँडवर चहा घेतला. बशीत फुंकर मारता मारता मायनं विचारलं, "नवी गाडी कशी लागते हो चालवाले?"

बाबांनी विचार केला. "मले काय मालूम."

"काहून? येवढी सर्विस झाली तुमची."

"नवी गाडी येते तं ती लांबच्या मार्गावर जाते, पुन्या-नागपूरले. आपल्या मार्गावर येते तवर तिले धा जनाच्या पायाची सवय लागलेली रायते. कोनी क्लचवर पाय ठेवून चालवते, कोनी गिअर ओढते. आपून तिच्या सवयीनं चालवाचं."

चहा थंड झाला तरी बशी मायच्या हातातच होती. मग तिनं तो एका घोटात संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जीप नाई घ्याची. अकोल्याले जाऊ. कोरी घेऊ."

बाबा आणि नंतर भाऊ, दोघांनी मिळून तिला किती समजावलं. येडी झाली का, फंड रस्त्यावर ओतते का, उद्या तुझ्या डोक्यावर काय राहील. ती ढिम्म. एकदाच उसळली. "मी वाटी घेतो तं नवी घेतो आन तिच्यावर नाव टाकून घेतो. लुगडं घेतो तं घडीचं घेतो. या मानसाच्या हाताले जल्मात एक गाडी अशी नाई लागली का जिचं काई बिघडेल नाई. आता तरी लागू द्या. भाव पडते तं पडू द्या, मले कुठी इकाची हाय." इतकी वर्षं मनात बांधलेला स्लॅब तिनं अशा रीतीनं स्वतःच्या हातानं उतरवून ठेवला. मी शिकलेली, पुस्तकं वाचणारी पोरगी, पण असं मोठं काही मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार पाहिलं नाही.

अकोल्याचं शोरूम म्हणजे नुसती काच. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचं सगळं मोठं काम अकोल्याला. भाऊ आमच्या सोबत आला होता, तोंड पाडून. दाराशी मायनं चपला काढल्या. तिला पाहून मीही काढल्या, आणि गळ्यात टाय घातलेला तो शोरूममधला पोरगा "राहू द्या, राहू द्या" म्हणत धावत आला. गाडी पांढरी होती, लहानशी. सीटांवर प्लास्टिक होतं. आत डोकं घातलं तर असा वास आला की त्याला नावच नाही, नवी वह्या-पुस्तकं आणि नवं रबर आणि अजून काहीतरी. मी श्वास घेतच राहिले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या आयुष्यात आलो आहोत, आता कुणीतरी येऊन हाकलून देईल.

बाबांनी आधी हात धुवायला पाणी मागितलं. हात धुतले, पुसले, गाडीभोवती चक्कर मारली आणि पोरासमोर येऊन उभे राहिले. "बोला, काय खराबी हाय हिची?"

"सर, नवी गाडी आहे."

"ते समजलं. पन खराबी काय हाय?"

पोरगा भावाकडे पाहायला लागला. भावाला लाज वाटली, त्यानं बाबांच्या कोपराला धरलं. पण मला ठाऊक होतं बाबा कशासाठी थांबलेत ते. ड्यूटी बदलताना एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या हाती गाडी देतो, तेव्हा तिची दुखणी सांगून देतो. ब्रेक दोनदा मार, हँडल जड आहे, घाटात तापते. तेवढं सांगितल्याशिवाय कुणी उतरत नाही आणि ऐकल्याशिवाय कुणी चढत नाही. सगळी नोकरी बाबांनी असंच केलं होतं. चावी पोराच्या हातात होती आणि तो काहीच सांगत नव्हता, म्हणून बाबांचा हात पुढं होत नव्हता.

शेवटी माय पुढं झाली. "हिची काई खराबी नाई," ती बाबांना म्हणाली. "मी सांगून राह्यली नं. बसा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चावी घेतली. तेवढ्यात दुसरा एक जण ताटात नारळ आणि लिंबं घेऊन आला, चाकाखाली ठेवायला. माय म्हणाली, "आमी बुद्धाचे लोक हाओ भाऊ, आमच्यात हे नाई करत. पन लिंबं कायले चेंदता, चांगली रसाची हायत. द्या अथी." आणि चारी लिंबं तिनं ओच्यात बांधून घेतली. त्यांचं लोणचं आम्ही महिनाभर पुरवून खाल्लं.

भाऊ अकोल्यालाच राहिला. माय आणि मी मागं बसलो, एसटीत बसतो तसं. आणि आमच्या शामराव ड्रायव्हरला गाडी चालवता येईना. त्यांनी क्लच दाबला तो जुन्या एसटीचा दाबतात तसा, सगळा जीव लावून, आणि गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. शोरूमच्या काचेआडून सगळे पाहत होते. बाबांच्या मानेवर घाम आला. मग त्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली, उघडा पाय क्लचवर नुसता टेकवला, आणि गाडी निघाली. कुठं खड्डा नाही, गचका नाही, आम्ही केव्हा रस्त्याला लागलो तेही कळलं नाही. बाबा स्वतःशीच म्हणाले, "हिले तं काईच लागत नाई." पातूर येईपर्यंत त्यांनी हे तीनचारदा म्हटलं. प्रत्येक वेळी त्यांना ते नव्यानं कळत होतं.

पातूरचा घाट, मेडशीचं जंगल, सगळं मागं गेलं. मालेगाव आलं आणि गाडी सरळ एसटी स्टँडमध्ये शिरली. मला वाटलं काही काम असेल. बाबांनी वळसा घेतला, फलाटासमोर आणून गाडी थेट लावली, इंजिन बंद केलं, दार उघडून उतरले आणि गाडीची नोंद द्यायला कंट्रोलरच्या खिडकीकडे चालायला लागले. चार पावलं गेल्यावर उभे राहिले. फलाटावरचे लोक त्या लहानशा पांढऱ्या गाडीकडे पाहत होते. एक म्हातारी पिशवी उचलून विचारत होती, "मेहकरची हाय का व?" बाबांना वळताही येईना आणि पुढं जाताही येईना. माझी अशी शरमेनं मान खाली गेली की काय सांगू.

कंट्रोलर बाबांना चांगलं ओळखणारे होते. ते खिडकीतून वाकून पाहत होते. मग त्यांनी माईक ओढला आणि आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "अकोल्याहून आलेली शामरावची गाडी, मालेगाव ते किन्हीराजा, फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. चहा घेऊन सुटेल." सगळा स्टँड हसला. बाबाही हसले. माझ्या बापाचे दात मला किती दिवसांनी दिसले. कंट्रोलर चहा घेऊन स्वतः बाहेर आले, गाडीवरून हात फिरवला, आत वाकून पाहिलं आणि मायला म्हणाले, "वैनी, मांगं काहून बसल्या? हे का आपली लाल गाडी हाय? सामोर बसा."

माय लाजली. पण उतरली आणि पुढं जाऊन बसली.

मालेगाव सोडलं. दोन्हीकडे तुरीची वावरं होती, ऊन कलतं झालं होतं. मला कुणीतरी हळू आवाजात बोलतंय असं वाटलं. आधी वाटलं माय असेल. मग कळलं, बाबा बोलत होते. "ये बाबू, तू जाय आंधी, मले घाई नाई. हां. म्हशी कोनाच्या व ह्या, मालक कुठी गेला तुमचा? चाल माय चाल, शेपटी सांभाळ. अरे पोरा, सायकल बाजूनं घे, चाकात धोतर जाईन तुह्या बुढ्याचं." बैलगाडीवाल्याला रामराम, शेळीला रागावणं, वळणावरच्या बाभळीला काहीतरी. भुवया वर जात होत्या, गालावर हसू येत होतं, जात होतं. ज्या माणसाच्या तोंडून मीठ वाढ एवढा शब्द निघत नव्हता, तो आख्ख्या रस्त्याशी बोलत होता. एसटीच्या इंजिनाच्या धडधडीत हे कुणाला कधी ऐकूच आलं नव्हतं. या गाडीला आवाजच नव्हता.

माय रस्ता पाहत नव्हती. ती दाराला पाठ लावून पूर्ण बाबांकडे वळून बसली होती.

"तुमी रोज असेच बोलत जात होते?" तिनं विचारलं.

बाबा दचकले. "कोन? मी कुठी बोललो?"

"लगन झालं तवापासून तुमच्या गाडीत बसून राह्यली मी," माय म्हणाली. "माहेरी गेली तं तुमच्या गाडीत, पोरं घेऊन दवाखान्यात गेली तं तुमच्या गाडीत. पाठच पाह्यली निसती. गाडी चालवताना तुमचं तोंड असं रायते, मले मालूमच नव्हतं."

बाबा लाजून गप्प झाले. कान लाल झाले त्यांचे. तेवढ्यात समोरून एक शेळी आडवी आली आणि त्यांना राहवलं नाही, ते पुन्हा सुरू झाले. माय पाहत राहिली. मी मागं बसून दोघांना पाहत राहिले, आणि का कोण जाणे, मला रडू आलं. किन्हीराजा आलं तेव्हा बाबांनी गाडीचा वेग कमी केला, मी म्हटलं आता घर, तर मायनं हात दाखवला, "अजून थोडं सामोर घ्या." आम्ही शेलूबाजारपर्यंत जाऊन आलो.

स्लॅब काही पडला नाही. पुढच्या रविवारी भाऊ आला, तेव्हा टिन तापून टकटकत होतं आणि बाबा अंगणात गाडी पुसत तिच्याशी काहीतरी बोलत होते. भावानं घाम पुसत वर पाहिलं आणि मायला विचारलं, "सांग मंग माय, झाले का वसूल तुह्ये पैसे?"

माय भाकरी थापत होती. "त्या दिवशी मालेगावच्या सामोर निंगालो नं," ती म्हणाली, "तवाच झाले."